पीसीओएस, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन एकत्र असताना गर्भधारणेच्या उपचारांचा क्रम कसा असावा?

शेवंती

सर्वांना नमस्कार. माझे वय ३१ आहे आणि पाळी शाळेत असल्यापासूनच अनियमित आहे. कधी ती दीड-दोन महिन्यांनी येते, तर कधी गोळ्या घेतल्याशिवाय येतच नाही. वर्षभराहून अधिक काळ आम्ही मूल व्हावे म्हणून प्रयत्न करीत आहोत. अलीकडच्या तपासण्यांत सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांमध्ये पुष्कळ बारीक फॉलिकल (बीज वाढते त्या पिशव्या) दिसले, थायरॉइडचे काम दाखवणारे टीएसएच ६.८ आले, दूध निर्माण करणारे संप्रेरक प्रोलॅक्टिन ३८ आले, म्हणजे प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेपेक्षा थोडे अधिक, आणि बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे एएमएच ९ आले. हनुवटीवरचे केस आणि वाढलेले वजन हा त्रास वेगळाच.

पहिल्या डॉक्टरांनी वजन कमी करा एवढेच सांगून परत पाठवले. दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच भेटीत आयव्हीएफचे (टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचाराचे) पॅकेज, त्याचे हप्ते आणि सवलतीची मुदत समजावून देण्यात आली. सासूबाईंचे म्हणणे असे की वर्षभर आयुर्वेदिक औषध घ्यावे. या तिन्हींच्या मध्ये काही मार्ग असतो की नाही, आणि असल्यास कोणती गोष्ट आधी व कोणती नंतर करायची, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.

कृष्णाकाठ

मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी अनेक वर्षे काम केले आणि आता निवृत्त आहे. तुम्हाला तपासल्याशिवाय औषध सांगणे योग्य नाही. परंतु क्रमाविषयी लिहिता येईल, आणि तुमच्या बाबतीत क्रमच महत्त्वाचा आहे.

पाळी अनियमित असणे याचा अर्थ बहुधा दर महिन्याला स्त्रीबीज परिपक्व होऊन बाहेर पडत नाही. हे का घडते याची कारणे निरनिराळी आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. म्हणूनच पीसीओएसचे, म्हणजे बीज सुटण्यात अडथळा आणणाऱ्या संप्रेरकांच्या विकाराचे, निदान करण्यापूर्वी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि अधिवृक्क (मूत्रपिंडावरील) ग्रंथीचा एक आनुवंशिक विकार, ज्यासाठी १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ही रक्ततपासणी करतात, हे वगळावे असा नियम आहे. त्यानंतर २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरलेल्या तीन निकषांपैकी दोन जुळावे लागतात: बीज अनियमितपणे सुटणे किंवा न सुटणे, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य लक्षणांत किंवा रक्तात दिसणे, आणि सोनोग्राफीत अंडाशयाचे विशिष्ट रूप. केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करता येत नाही, कारण पाळी अगदी नियमित असलेल्या अनेक तरुण स्त्रियांचे अंडाशयही तसेच दिसतात.

तुमच्या अहवालात मला सर्वांत आधी टीएसएच खटकले. थायरॉइडचे काम मंदावले की मेंदूतून टीआरएच हे संप्रेरक अधिक स्रवते, आणि ते पिट्युटरी ग्रंथीला टीएसएचबरोबर प्रोलॅक्टिनही वाढवायला लावते. त्यामुळे तुमचे थोडेसे वाढलेले प्रोलॅक्टिन हा वेगळा आजार नसून थायरॉइडचीच सावली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी लगेच प्रोलॅक्टिन उतरवणारे कॅबरगोलिन सुरू करण्याऐवजी थायरॉइडची गोळी घेऊन सुमारे सहा आठवड्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा कराव्यात. गर्भधारणेची तयारी करणाऱ्या स्त्रीचे टीएसएच साधारण २.५ च्या खाली आणण्याकडे कल असतो. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी, तिच्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये, आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांत निदान चार तासांचे अंतर ठेवावे. औषधाचे प्रमाण योग्य असूनही टीएसएच उतरत नाही, तेव्हा बहुतेक वेळा घोळ याच वेळापत्रकात सापडतो.

आपण पित्तासाठी सर्रास ज्या कॅप्सूल घेतो, त्यांपैकी अनेकांत डॉम्पेरिडोन मिसळलेले असते आणि ते प्रोलॅक्टिन वाढवते. तुम्ही ती घेत होतात का?

लॅबमित्र

प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. प्रोलॅक्टिनचे रक्त धावतपळत येऊन, भांडण करून किंवा झोपेतून उठल्या उठल्या देऊ नये. उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडा वेळ शांत बसून द्यावे. आकडा पुन्हा वाढलेलाच आला, पण लक्षणे काहीच नसली, तर मॅक्रोप्रोलॅक्टिनची तपासणी मागावी. या प्रकारात संप्रेरकाचे मोठे, जवळपास निष्क्रिय रेणू मोजले जातात आणि रुग्णाला विनाकारण औषध सुरू होते.

दुसरी गोष्ट बायोटिनची. पीसीओएसमध्ये केस गळतात म्हणून अनेक जणी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतात. आमच्याकडील अनेक यंत्रांची तपासणी पद्धत बायोटिनवरच आधारलेली असल्यामुळे टीएसएच खोटे कमी दाखवले जाऊ शकते. रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस ती गोळी बंद ठेवावी आणि रक्त घेणाऱ्याला तसे सांगावे.

आणखी एक. ‘२१ व्या दिवसाचे प्रोजेस्टेरॉन’ ही बीज सुटले का हे दाखवणारी तपासणी २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. ज्या बाईची पाळी ३५ दिवसांची आहे तिचे रक्त २८ व्या दिवशी घ्यायला हवे, कारण ते पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी तपासायचे असते. चुकीच्या दिवशी रक्त दिल्यामुळे ‘अंडे फुटतच नाही’ असा शिक्का घेऊन बसलेल्या स्त्रिया आमच्याकडे येत असतात.

शेवंती

डॉक्टर, पित्ताची ती कॅप्सूल मी जवळजवळ रोज घेत होते! आता बंद केली आहे. बायोटिनही सुरू होते. थायरॉइडची गोळी कालपासून सुरू झाली आहे. यापुढचा टप्पा कोणता?

कृष्णाकाठ

थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक होऊनही पाळी नियमित झाली नाही, तर मग पीसीओएससाठी बीज तयार होण्याची औषधे सुरू करता येतील. आज त्यासाठी पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, रोज २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि बीज तयार झाले नाही तर पुढच्या वेळी ५ आणि नंतर ७.५ पर्यंत वाढवतात. हे औषध शरीरात इस्ट्रोजेन तयार होण्याची क्रिया तात्पुरती रोखते. इस्ट्रोजेन कमी झाल्याचे पाहून मेंदू एफएसएच, म्हणजे फॉलिकल वाढवणारे संप्रेरक, वाढवतो आणि त्या रेट्याने एखादे फॉलिकल पुढे सरकते. दहाव्या-अकराव्या दिवसापासून सोनोग्राफीने त्याची वाढ पाहतात, तीच आपल्याकडची फॉलिक्युलर स्टडी. फॉलिकल १८ ते २० मिलिमीटरचे झाले की कधी बीज सुटण्यासाठी एचसीजी या संप्रेरकाचे इंजेक्शन देतात. त्यानंतर सुमारे ३६ ते ४० तासांत बीज सुटते.

त्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी झालेली असलीच पाहिजे. या एका वाक्यासाठी मी शंभर वेळा वाद घातले आहेत.

रानवाटा

माफ करा, पण लेट्रोझोल हे स्तनाच्या कर्करोगाचे औषध आहे आणि आपल्या सरकारने वंध्यत्वासाठी त्यावर बंदी घातली होती. माझ्या वहिनीला ते दिले तेव्हा आम्ही खोक्यातील कागद वाचला, तर त्यावर पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी असे स्पष्ट लिहिले होते. बाळात व्यंग निर्माण करणारे औषध तुम्ही इतक्या सहजपणे कसे सुचवता?

कृष्णाकाठ

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर थोडे लांबीने द्यावे लागेल, कारण ही भीती कुठून आली हे सांगितल्याशिवाय ती जात नाही.

२००५ मध्ये माँट्रियल येथील एका वैद्यकीय परिषदेत एक सारांश वाचला गेला. लेट्रोझोल घेऊन झालेल्या सुमारे १५० बाळांची तुलना नैसर्गिकरीत्या राहिलेल्या, कमी जोखमीच्या हजारो प्रसूतींशी केली होती आणि लेट्रोझोलच्या गटात हृदयाचे व हाडांचे दोष अधिक दिसल्याचे म्हटले होते. तुलनाच विषम होती. एका बाजूला उपचार घेणाऱ्या, वयाने मोठ्या स्त्रिया आणि दुसऱ्या बाजूला तरुण, निरोगी माता. पुढच्याच वर्षी कॅनडातीलच संशोधकांनी ९११ नवजात बालकांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यात लेट्रोझोल आणि बीजनिर्मितीचे जुने औषध क्लोमिफेन या दोन्ही औषधांनी राहिलेल्या गर्भांची तुलना होती. त्यात जन्मजात दोषांचे प्रमाण लेट्रोझोलच्या गटात २.४ टक्के, तर क्लोमिफेनच्या गटात ४.८ टक्के निघाले. शिवाय हे औषध पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घेतले जाते आणि दोन-दोन दिवसांत त्याची पातळी निम्म्याने उतरत जाते, त्यामुळे गर्भ रुजण्याच्या वेळेपर्यंत ते बहुतांशी शरीराबाहेर गेलेले असते.

तरीही भारत सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली, हे खरे आहे. त्या काळात आम्ही पुन्हा क्लोमिफेनकडे वळलो, ज्याने बीज तयार होते खरे, पण अनेकींच्या गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. दरम्यान २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. जास्तीत जास्त पाच पाळीचक्रांच्या उपचारानंतर लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. क्लोमिफेन घेणाऱ्यांत हे प्रमाण १९.१ टक्के होते, आणि जन्मजात दोषांत लक्षणीय फरक नव्हता. २०१७ मध्ये आपल्याकडची बंदी उठली. २०१८ च्या आणि नंतर २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पीसीओएसमध्ये बीजनिर्मितीसाठी हेच पहिले औषध मानले आहे.

खोक्यातील कागदावर जे लिहिलेले असते ते औषध मूळ ज्या आजारासाठी नोंदवले गेले त्याचे असते. ही गोष्ट लिहून देणाऱ्या डॉक्टरनेच दोन मिनिटे काढून सांगायला हवी. ती सांगितली जात नाही आणि मग घरी कागद वाचून पती-पत्नी रात्रभर जागतात. मात्र गर्भ राहिलेला नाही याची खात्री करूनच गोळी सुरू करावी, एवढे पथ्य पाळायलाच हवे.

रानवाटा

सविस्तर उत्तरासाठी आभार. हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

भाकरीपिठलं

वजनाबद्दल लिहिते. मी आहारतज्ज्ञ आहे आणि ‘आधी वीस किलो कमी करा, मग या’ असे सांगून परत पाठवलेल्या मुली माझ्याकडे नेहमी येतात. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते; म्हणजे ७६ किलोच्या मुलीला चार ते सात किलो. तेवढे साधते. वीस किलोची अट घातली की ती उपाशी राहते, दोन महिन्यांनी सगळे परत येते आणि वय मात्र पुढे गेलेले असते. तिशीच्या पुढे उपचार थांबवून केवळ वजनाच्या मागे लागणे मला पटत नाही. दोन्ही बरोबरीने चालवावे.

मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीविषयी विचारणा होईलच. त्याने शरीरातील इन्सुलिनचा परिणाम सुधारतो. परंतु मूल होण्यासाठी ते एकटे फारसे पुरेसे नाही. २००७ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत जिवंत मूल होण्याचे प्रमाण क्लोमिफेनने २२.५ टक्के, तर केवळ मेटफॉर्मिनने ७.२ टक्के होते. साखर वाढलेली असेल तर त्याचा स्वतंत्र उपयोग आहेच. सुरुवातीला पोट बिघडते म्हणून ते जेवणाबरोबर आणि कमी मात्रेपासून घ्यावे. इनोसिटॉल या पूरकाची महागडी पाकिटे हल्ली प्रत्येकीच्या हातात दिसतात. त्यांचा पुरावा अजून तोकडा आहे, तेव्हा घ्यायची तर घ्या, पण त्यांच्या भरवशावर वर्ष घालवू नका.

दवबिंदू

या धाग्यात वेगळा अनुभव नोंदवते, कारण तो क्वचितच लिहिला जातो. माझीही पाळी येत नसे आणि सोनोग्राफीत अंडाशय ‘पीसीओडीसारखे’ दिसले म्हणून मला पीसीओएस सांगण्यात आले. गोड बंद, भात बंद, व्यायाम वाढवा. मी आधीच सडपातळ होते आणि लांब पल्ल्याच्या धावण्याच्या स्पर्धांची तयारी करीत असे. लेट्रोझोलने काहीच हालचाल झाली नाही. पुढे एका अंतःस्रावतज्ज्ञांनी एफएसएच, एलएच (बीज सुटायला लावणारे संप्रेरक) आणि इस्ट्रोजेन तिन्ही तपासले, तर तिन्ही खाली होते. अपुरे खाणे आणि अति व्यायाम यांमुळे मेंदूनेच अंडाशयाला संदेश देणे थांबवले होते. अशा स्थितीत इस्ट्रोजेन मुळातच नसते, मग ते कमी करणारी गोळी काय करणार?

माझा उपचार म्हणजे नेमकी उलटी दिशा: धावणे कमी करणे, पोटभर जेवणे, वजन वाढवणे, आणि त्यानंतर एफएसएच व एलएच असलेली इंजेक्शने, तीही अगदी थोड्या मात्रेत, सोनोग्राफीच्या देखरेखीखाली. आज घरात मुलगा आहे. ज्यांचे वजन कमी आहे आणि चेहऱ्यावर केस, मुरुमे वगैरे काही नाही, त्यांनी पीसीओएसच्या पथ्याला लागण्यापूर्वी ही तीन संप्रेरके जरूर तपासून घ्यावीत.

कृष्णाकाठ

दवबिंदू यांनी अतिशय महत्त्वाचे लिहिले. याच्या उलट एफएसएच फार वाढलेले आणि इस्ट्रोजेन कमी असेल, तर अंडाशयातील बीजांचा साठाच अकाली संपत आलेला असतो. तेथेही बीज वाढवण्याच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि दात्या स्त्रीच्या बीजाचा विचार करावा लागतो. पाळी न येणे हे लक्षण एकच. म्हणून मी पहिल्याच प्रतिसादात कारणांवर इतका भर दिला.

सातारकर_८८

नवरा म्हणून लिहितो. आमच्या घरी दोन वर्षे बायकोच्याच तपासण्या, तिच्याच सुया आणि तिलाच सल्ले चालू होते. माझी वीर्यतपासणी शेवटी एका नव्या डॉक्टरांनी हट्टाने करायला लावली, तर शुक्राणूंची हालचाल बरीच कमी निघाली. दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळून नमुना द्यायचा असतो, साधी तपासणी आहे, आणि अहवाल बिघडलेला आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात. शेवंतीताई, तुमच्या यजमानांची ही तपासणी या आठवड्यातच करून घ्या.

शेवंती

झाली, आणि सुदैवाने ठीक आहे. सुरुवातीला त्यांनी टाळाटाळ केली, पण हा धागा वाचायला दिल्यावर स्वतःहून गेले.

औदुंबर

सर्व काही गोळ्या-इंजेक्शनांवर सोडण्यापेक्षा वैद्यांचाही विचार व्हावा. दिनचर्या आणि आहार सुधारल्याने माझ्या बहिणीची पाळी नियमित झाली.

कृष्णाकाठ

दिनचर्येला माझा विरोध नाही. वर आहाराविषयी लिहिले गेले ते तेच आहे. नोंदणीकृत वैद्यांकडे जरूर जावे. मात्र नाव-घटक नसलेल्या पुड्या घेऊ नयेत, जे काही घेत असाल ते दोन्हीकडे सांगावे, आणि थायरॉइडची गोळी परस्पर बंद करू नये. तसेच हनुवटीच्या केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन कोणी दिलेले असेल, तर गर्भधारणेच्या प्रयत्नांपूर्वी ते डॉक्टरांना सांगून थांबवलेच पाहिजे. आयसोट्रेटिनॉइन बंद केल्यावर निदान एक महिना जाऊ द्यावा लागतो. फॉलिक ॲसिड आजच सुरू करा.

लीड्सची_माई

इंग्लंडमधील अनुभव थोडक्यात. येथे सरकारी सेवेत प्रथम गोळ्याच दिल्या गेल्या, आयव्हीएफचे नावही कोणी काढले नाही. मात्र अनेक भागांत आयव्हीएफसाठी वजनाची अट असते, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३० च्या खाली लागतो, आणि प्रतीक्षा फार. तेथे घाईचा जाच, येथे वाट पाहण्याचा.

शेवंती

गोळ्यांनी झाले नाही तर पुढे काय, आणि आयव्हीएफचा निर्णय नेमका केव्हा घ्यावा?

कृष्णाकाठ

बीज व्यवस्थित सुटत असताना साधारण सहा पाळीचक्रांत गर्भ राहिला नाही, तर थांबून फेरविचार करावा. तोवर गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हे पाहिलेले असावे. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचे एक मोठे कारण आहे आणि तो अनेकदा कोणतेही लक्षण न देता राहतो.

मुळात बीजच तयार होत नसेल, तर एफएसएचची अल्प मात्रेची इंजेक्शने किंवा दुर्बिणीतून अंडाशयावर बारीक छिद्रे करण्याची शस्त्रक्रिया, असे दोन पर्याय आहेत. इंजेक्शनांनी एकाच वेळी तीन-चार फॉलिकल वाढले तर ते चक्र सोडून द्यावे लागते. तिळ्यांपेक्षा एक महिना वाया गेलेला बरा. शस्त्रक्रियेत जुळ्यांचा धोका वाढत नाही, पण ती जपून न केल्यास बीजांचा साठा घटतो.

नलिका बंद असतील, वीर्यदोष मोठा असेल किंवा हे सर्व करूनही यश नसेल, तर आयव्हीएफ. तुमच्यासारख्या एएमएच जास्त असलेल्या स्त्रीत तेथे मुख्य चिंता बीजे कमी मिळण्याची नसून अंडाशयाने अति प्रतिसाद देण्याची असते. पोटात पाणी होणे, रक्त दाट होणे, क्वचित गुठळी होणे, इथपर्यंत ते जाऊ शकते. म्हणून केंद्राला तीन प्रश्न विचारा: अँटॅगोनिस्ट पद्धत (बीज अकाली सुटणे रोखणारी इंजेक्शने) वापरणार का, शेवटचे ट्रिगर (बीज पक्व करणारे इंजेक्शन) एचसीजीऐवजी ॲगोनिस्टचे (शरीराचेच एलएच वाढवणाऱ्या औषधाचे) देता येईल का, आणि सर्व गर्भ गोठवून नंतरच्या महिन्यात गर्भाशयात सोडणार का? २०१६ मध्ये चीनमधील पीसीओएसच्या १५०८ स्त्रियांच्या चाचणीत गोठवलेले गर्भ सोडल्यावर अति प्रतिसादाचा त्रास १.३ टक्के, तर ताजे सोडल्यावर ७.१ टक्के होता आणि जिवंत जन्मही गोठवलेल्या गटात अधिक होते, ४९.३ विरुद्ध ४२ टक्के. मात्र त्या गटात गरोदरपणातील रक्तदाबाचा त्रास अधिक आढळला, हेही ध्यानात ठेवावे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, तेव्हा हे तंत्र दुर्मीळ होते. आज जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रे आहेत. २०२१ च्या कायद्यानुसार त्यांची नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. त्याच कायद्याने स्त्रीसाठी वयाची मर्यादा ५० ठरवली आहे. तुम्ही ३१ वर्षांच्या आहात. सवलतीची मुदत संपते म्हणून निर्णय घेण्याचे काहीही कारण नाही.

शेवंती

सहा आठवड्यांनंतरचे अहवाल आले. टीएसएच २.१ आणि प्रोलॅक्टिन सामान्य. १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनही सामान्य. पाळी मात्र अजूनही लांबलेलीच आहे, म्हणून नव्या डॉक्टरांनी या महिन्यात लेट्रोझोल २.५ ने सुरुवात केली. यश आले तर लगेच काय करायचे, एवढे आधीच विचारून ठेवते.

कृष्णाकाठ

चाचणी सकारात्मक आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गर्भ राहिल्यावर थायरॉइडची गरज सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी वाढते, म्हणून मात्रा वाढवावी लागते आणि त्यानंतर साधारण दर महिन्याला टीएसएच पाहतात. पीसीओएसमध्ये गरोदरपणात मधुमेह होण्याची शक्यता अधिक असल्यामुळे साखरेची ग्लुकोज घेऊन करायची चाचणी आताच एकदा करून घ्या आणि गरोदरपणात २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करा. पहिली फॉलिक्युलर स्टडी कोणत्या दिवशी ठेवली आहे?

शेवंती

अकराव्या दिवशी, म्हणजे येत्या गुरुवारी. साखरेची चाचणी त्याच दिवशी सकाळी उपाशीपोटी करून घेते.